कलाभवनापासून स्टार्टअपपर्यंत: बडोद्यात धंदा शिकवण्याची पार्श्वभूमी

महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या उद्योजकतेच्या वर्गांकडे नवं फॅड म्हणून पाहणाऱ्यांनी १८९० सालाकडे जरा वळून पाहावं. त्या वर्षी सयाजीराव गायकवाडांनी कलाभवन काढलं. तिथे रंगाई, विणकाम, यंत्रकाम शिकवलं जाई. प्राचार्य होते रसायनशास्त्राचे त्रिभुवनदास गज्जर. आधी हुन्नर, मग धंदा, असा सगळा हिशेब. तो फळलाही: १९०७ मध्ये गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व भाईलाल अमीन यांनी अलेम्बिक ही औषध कंपनी उभी केली. (दादासाहेब फाळकेही कलाभवनाचेच विद्यार्थी.) पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ झालं आणि कलाभवनाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाली.

बडोद्यातल्या मराठी घरांचं गणित मात्र वेगळं होतं. संस्थानाच्या चाकरीसाठी आलेली ही मंडळी. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण त्यांच्या दांडिया बाजार वस्तीत उलटी वाचली जायची, असं म्हटलं तरी चालेल.

हुन्नर असूनही माणूस धंद्यात का उतरत नाही, हा प्रश्न नंतरचा. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना प्रशिक्षण देऊन पाहिलं: यशाची ओढ शिकवता येते का? १९७० च्या सुमारास गुजरातच्या औद्योगिक महामंडळांनी त्याच धर्तीवर नवउद्योजकांचे वर्ग सुरू केले. त्यातूनच १९८३ मध्ये अहमदाबादला भारतीय उद्योजकता विकास संस्था आली. या वर्गांत प्रेरणेच्या खेळांबरोबर बाजाराची पाहणी आणि प्रकल्प अहवालही असे. खेळतं भांडवल किती लागेल, माल उधारीवर गेला तर महिना कसा काढायचा, हे कागदावर मांडावं लागे. माझ्या मते खरं शिक्षण तेच.

विद्यापीठीय अभ्यासकांचा भर मात्र धंदा काढण्याचा 'इरादा' मोजण्यावर राहिला. मानसशास्त्रज्ञ आइझेन यांच्या १९९१ च्या मांडणीत इराद्यामागे तीन गोष्टी येतात: स्वतःचा कल, जवळच्यांचं मत आणि आपल्याला जमेल हा विश्वास. वर्गात तिसरी वाढू शकते. दुसरीचा निकाल घरी जेवणाच्या ताटावर लागतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात तर प्रशिक्षणानंतर विद्यार्थ्यांचा इरादा चक्क घटला आणि कौशल्यांतही ठळक फरक दिसला नाही. अपेशी अभ्यासक्रम म्हणून त्याला झटकून टाकणं मला घाईचं वाटतं. जोखीम कळल्यावर दोन पावलं मागे येणारा विद्यार्थी काहीतरी शिकलेला असू शकतो.

गुजरात सरकारच्या २०१७ च्या विद्यार्थी स्टार्टअप धोरणाने कल्पनेचा नमुना बनवण्यासाठी पैसे देऊ केले. नमुना करायचा म्हणजे पुन्हा वर्कशॉपमध्ये उतरणं आलं.