जुन्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा बार का चुकतो : पार्श्वभूमी

रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुसके निघाले, तर चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस घोड्यासमोर येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात ही सोय नाही, कारण स्लाइड किंवा बोल्ट (मागेपुढे सरकणारा भाग) मागे नेऊन पुढचे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) भरण्याचे बळ आधीच्या बारातूनच मिळते. म्हणून पिस्तूल, त्यातील स्प्रिंगा आणि काडतूस ही तिन्ही एकमेकांसाठी बेतलेली असतात. शंभर वर्षे जुन्या पिस्तुलाचा दोष शोधताना त्यांपैकी काय बदलले हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने 1884 मध्ये धूररहित दारू तयार केली आणि काळ्या दारूची काजळी यंत्रणेत साचण्याची अडचण दूर झाली. त्यानंतर ह्यूगो बोर्खार्ट याचे 1893 चे पिस्तूल, 1896 चे माउझर, स्वित्झर्लंडच्या सैन्याने 1900 मध्ये आणि जर्मन भूदलाने 1908 मध्ये स्वीकारलेले लुगर, तसेच अमेरिकी सैन्याचे 1911 चे कोल्ट अशी पिस्तुले आली. लुगरची गुडघ्यासारखी दुमडणारी यंत्रणा जोरदार काडतूस गृहीत धरूनच आखलेली आहे. काडतूस कमी जोराचे असले की ती पुरेशी मागे जात नाही आणि पुढचे काडतूस नीट उचलले जात नाही.

यापेक्षा अधिक घोळ मात्र काडतुसाच्या बुडातील कॅपने, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीने, केला आहे. एडवर्ड हॉवर्ड याने 1800 मध्ये वर्णिलेले पाऱ्याचे फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट या रसायनांवर जुन्या कॅप चालत. फल्मिनेट उष्णतेत साठवले की हळूहळू निकामी होते, तर क्लोरेट जळल्यावर मागे उरणारा क्षार हवेतील ओलावा ओढून पोलादाला गंज चढवतो. जर्मनीत 1920 च्या दशकात शिशाच्या स्टिफ्नेट या संयुगावर आधारलेल्या, गंज न आणणाऱ्या कॅप आल्या, तरी कित्येक देशांची सैन्ये पुढेही दीर्घकाळ क्लोरेटच वापरत राहिली. त्यामुळे वेळेवर साफ न झालेल्या पिस्तुलाच्या नळीतच नव्हे, तर कॅपवर आघात करणाऱ्या फायरिंग पिनच्या छिद्राभोवतीही गंजाचे खड्डे सापडतात.

न उडालेल्या काडतुसाच्या कॅपवरील फायरिंग पिनची खूण पुष्कळ काही सांगते. मात्र चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबावे, कारण जुनी कॅप उशिराने पेटू शकते. खूण खोल व मध्यभागी असूनही बार उडाला नसेल, तर दोष बहुधा काडतुसाचा असतो. नव्या, चांगल्या काडतुसावरही ती उथळ उमटत असेल, तर फायरिंग पिनच्या मार्गात घट्ट झालेले जुने ग्रीस, थकलेली स्प्रिंग किंवा झिजलेले टोक यांकडे वळावे. काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसलेले नसले, तर आघाताचा जोर ते पुढे ढकलण्यातच खर्ची पडतो आणि तशीच उथळ खूण दिसते. म्हणून चेंबरची सफाई झाल्याखेरीज स्प्रिंग बदलू नये. अंदाजाने जास्त ताठ स्प्रिंग बसवणे हा उपाय मला घातक वाटतो, कारण तिने एक दोष झाकला जातो आणि स्लाइडची चाल बिघडून दुसरा उभा राहतो. लुगरचे भाग कारखान्यात हाताने जुळवून त्यांवर क्रमांक कोरले जात, त्यामुळे दुसऱ्या लुगरमधून काढलेला भागही तपासल्याशिवाय बसवता येत नाही.

काडतुसाच्या मापावर विसंबणेही धोक्याचे आहे. इटलीच्या 1910 च्या ग्लिसेंटी पिस्तुलाचे काडतूस मापाने 9 मिमी पॅराबेलम या लुगरच्या काडतुसासारखेच आहे, पण त्यातील दारूचा भार कमी ठेवलेला होता. पॅराबेलम त्या चेंबरमध्ये सहज बसते आणि उडतेही, परंतु त्याचा दाब पेलण्याइतकी मजबूत त्या पिस्तुलाची बांधणी नाही.