न्यासाच्या तीन निश्चिती

न्यासाच्या तीन निश्चिती : इंग्लिश विधीनुसार एखाद्याने हेतुपूर्वक निर्माण केलेला न्यास, म्हणजेच ट्रस्ट, बंधनकारक ठरण्यासाठी न्यासकर्त्याचा (न्यास निर्माण करणाऱ्याचा) उद्देश, न्यासाची मालमत्ता आणि हिताधिकारी (ज्यांच्या हितासाठी ती सांभाळायची ते) या तिन्ही बाबी निश्चित असाव्या लागतात. नाइट विरुद्ध नाइट (१८४०) या खटल्यात मास्टर ऑफ द रोल्स या वरिष्ठ न्यायाधीशपदावरील लॉर्ड लँगडेल यांनी केलेली या नियमाची मांडणी प्रमाण मानली जाते. मात्र नियमाचे जनकत्व त्यांना देणे बरोबर नाही. राइट विरुद्ध ॲटकिन्स (१८२३) मध्ये लॉर्ड एल्डन यांनी याच अटी सांगितल्या होत्या, आणि हिताधिकाऱ्यांविषयीची अट त्याही आधी, मोरिस विरुद्ध बिशप ऑफ डरॅम (१८०४–०५) या खटल्यात दिसते.

सर्वाधिक वाद उद्देशाविषयी, त्यातही मृत्युपत्रांतील विनंतीवजा शब्दांविषयी झाला. ‘माझी इच्छा आहे’, ‘मला पूर्ण विश्वास आहे’ अशा शब्दांतूनही न्यासांची प्रकरणे पाहणारे चान्सरी न्यायालय पूर्वी न्यास निर्माण झाल्याचे मानत असे. या औदार्याचे मूळ काही अभ्यासक रोमन विधीतील विश्वासनिष्ठ मृत्युदानात (दुसऱ्याला देण्याच्या विश्वासाने एखाद्याकडे मृत्युपत्राने सोपवलेल्या मिळकतीत) शोधतात. दुसऱ्या मतानुसार, वाटप न केलेली उर्वरित जंगम मिळकत मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाच्याच (त्याची अंमलबजावणी करणाऱ्याच्याच) पदरात पडत असे. ते टाळण्यासाठी न्यायालय न्यासाकडे झुकत असे. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. तथापि व्यवस्थापकाचा हा लाभ १८३० च्या अधिनियमाने बहुतांशी संपुष्टात आला, तर न्यायालयाची दृष्टी स्पष्टपणे पालटली ती लँब विरुद्ध ईम्स (१८७१) या निर्णयात. त्यामुळे तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. ॲडम्स आणि केन्सिंग्टन व्हेस्ट्री (१८८४) प्रकरणात पतीने सर्व मिळकत पत्नीला देताना, मुलांमध्ये त्या मिळकतीची विल्हेवाट लावताना पत्नी योग्य तेच करील असा ‘पूर्ण विश्वास’ व्यक्त केला होता. न्यायालयाने पत्नीला पूर्ण मालक ठरवले. कॉमिस्की विरुद्ध बोरिंग-हॅनबरी (१९०५) मध्ये ‘पूर्ण विश्वास’ हेच शब्द असूनही तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यास मान्य केला, कारण पत्नीने व्यवस्था न केल्यास मिळकत भाच्या-पुतण्यांत समान वाटावी असा स्पष्ट आदेश पुढे होता. एकट्या शब्दावर न थांबता संपूर्ण दस्तऐवज वाचावा, हे तत्त्व त्यानंतर स्थिरावले. ‘न्यास’ हा शब्द उच्चारण्याचीही गरज नसते. पॉल विरुद्ध कॉन्स्टन्स (१९७७) मध्ये बँकेतील पैसे ‘जितके माझे तितकेच तुझे’ असे सोबतिणीला वारंवार सांगणे पुरेसे ठरले.

मालमत्तेबाबत, ‘मिळकतीचा बराचसा भाग’ हे वर्णन पामर विरुद्ध सिमंड्स (१८५४) मध्ये अनिश्चित ठरले. लंडन वाइन प्रकरणात (१९७५) गोदामातील साठ्यातून ग्राहकांच्या बाटल्या वेगळ्या काढलेल्या नसल्याने न्यास नाकारला गेला; उलट हंटर विरुद्ध मॉस (१९९४) मध्ये ९५० शेअरपैकी कोणते ५० हे न सांगताही तो वैध मानला गेला. शेअर एकसारखे असतात, हे दिलेले कारण अपुरे असल्याची टीका न्यासविधीचे अभ्यासक डेव्हिड हेटन यांनी केली. संपूर्ण समूहावर हिताधिकाऱ्याची प्रमाणशीर सहमालकी निर्माण होते, हे न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयाने व्हाइट विरुद्ध शॉर्टॉल (२००६) मध्ये दिलेले स्पष्टीकरण अधिक भक्कम असून लीमन ब्रदर्स प्रकरणात (२०१०) न्यायाधीश ब्रिग्ज यांचाही कल तिकडेच दिसतो.

ठरावीक वाटे असलेल्या न्यासात हिताधिकाऱ्यांची पूर्ण यादी करता यावी लागते. विवेकाधीन न्यासासाठीची (ज्यात कोणाला किती द्यायचे हे विश्वस्त ठरवतो) तशीच अट मॅकफेल विरुद्ध डूल्टन (१९७०) मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी काढून टाकली. समोरची कोणतीही व्यक्ती त्या वर्गात मोडते की नाही हे सांगता आले की पुरे, असे लॉर्ड विल्बरफोर्स यांनी म्हटले. याच वादात पुढे ही कसोटी ‘नातेवाईक’ या शब्दाला लावताना अपील न्यायालयाचे तिन्ही न्यायाधीश निष्कर्षावर एकमत, परंतु कारणांवर भिन्नमत झाले. धर्मादाय न्यासांना हिताधिकाऱ्यांची अट लागू नाही.

उद्देश अनिश्चित असल्यास घेणारा सामान्यतः पूर्ण मालक होतो. केवळ हिताधिकारी अनिश्चित असल्यास मालमत्ता न्यासकर्त्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे परतते.

भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम ६ मध्ये या तिन्हींसह न्यासाच्या प्रयोजनाचीही ‘वाजवी’ निश्चिती मागितली आहे. क च्या हितासाठी ब मिळकतीची व्यवस्था करील असा ‘पूर्ण विश्वास’ बाळगून केलेल्या मृत्युदानाने न्यास निर्माण होतो, असे त्याचे पहिले उदाहरण सांगते. ॲडम्स निर्णयापूर्वीच्या इंग्लिश विधीची छाया त्यात जाणवते. सार्वजनिक धर्मादाय न्यासांना हा अधिनियम लागू नाही. महाराष्ट्रात ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली येतात.