स्पिनकरची गाय आणि शीट : सारख्याच दोरांची दोन कामे

स्पिनकर (वारा मागून किंवा आडवा असताना होडीच्या पुढे लावायचे मोठे, फुगणारे शीड) लावलेल्या लहान होडीत डावीउजवीकडून कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या खोलगट जागेत, येणारे दोन दोर दिसायला सारखेच असतात, तरीही त्यांतल्या एकाला गाय म्हणतात आणि दुसऱ्याला शीट. (या गायीचा गोठ्याशी काही संबंध नाही, हे नवख्याला एकदा सांगावेच लागते.) खरे म्हणजे ही नावे दोरांची नसून त्यांच्या कामांची आहेत. डोलकाठीपासून वाऱ्याकडच्या बाजूला काढलेल्या पोलच्या टोकातून जाऊन शिडाचा तिकडचा कोपरा धरून ठेवतो तो दोर गाय, आणि पलीकडच्या मोकळ्या कोपऱ्याला बांधलेला तो शीट. जाइब करून, म्हणजे वारा मागून दुसऱ्या बाजूला येईल अशी होडी वळवून, पोल दुसऱ्या बाजूला नेला, की दोन्ही दोरांची नावे आपोआप अदलाबदल होतात. मोठ्या बोटींवर प्रत्येक बाजूला दोन्हींसाठी वेगळे दोर असतात, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही.

वारा पाठीशी असेपर्यंत हा भेद फारसा जाणवत नाही. वारा आडवा आला, म्हणजे रीचिंग सुरू झाले, की पोल पुढे सरकून फोरस्टेजवळ (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेजवळ) येतो आणि गाय त्याच्याशी अगदी लहान कोन करून मागे जाते. पोलला काटकोनात येणारी शिडाची ओढ एक पट धरली, तर गाय आणि पोल यांच्यातला कोन ३० अंशांचा असताना गायीवर दुप्पट, आणि १५ अंशांचा असताना जवळजवळ चौपट ताण येतो. शिवाय त्यातला बहुतेक ताण पोलला डोलकाठीत रेटत असतो. म्हणूनच गाय कमी ताणणाऱ्या दोराची, शक्यतो डायनिमा या मजबूत कृत्रिम धाग्याची, असावी, कारण झोत आल्यावर ती चार बोटे जरी लांबली तरी पोल फोरस्टेवर जाऊन आपटतो. हा कोन वाढवण्यासाठी मोठ्या बोटींवर डोलकाठीपासून एक आखूड दांडा आडवा बाहेर काढून गाय त्याच्या टोकावरून नेतात. त्याला रीचिंग स्ट्रट म्हणतात.

लहान होडीत हेच काम बरेचसे ट्विंग करते. ट्विंग म्हणजे गाय किंवा शीट ज्यातून जाते अशी कडी अथवा छोटी कप्पी, जी बारीक दोरीने श्राउडजवळ (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेजवळ) होडीच्या काठापर्यंत खाली ओढता येते. रीचिंगमध्ये वाऱ्याकडचे ट्विंग पूर्ण ओढावे, म्हणजे गाय होडीच्या रुंद भागावरून जाऊन कोन थोडा वाढतो आणि बाहेर झुकून बसणाऱ्याच्या छातीला दोर अडत नाही. पलीकडचे ट्विंग मात्र पूर्ण सैल हवे, कारण शीट पार मागच्या कप्पीतून गेली तरच शिडाची मागची कड उघडी राहून वारा निसटतो. ते ओढलेलेच राहिले, तर होडी विनाकारण कलते आणि सुकाणू जड होते. माझ्या मते रीचिंगमध्ये सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

गाय एकदा बसवून क्लीटमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवली की तिला सहसा हात लावावा लागत नाही. शीट मात्र सतत हातात खेळती ठेवावी लागते. शिडाच्या वाऱ्याकडच्या कडेवर, खांद्याच्या उंचीला, नजर ठेवावी. कड किंचित आत दुमडेपर्यंत शीट सोडत जावे, दुमडली की वीतभर ओढावे आणि पुन्हा सोडू लागावे. यासाठी शीट हलकी आणि पाणी न शोषणारी हवी. हलक्या वाऱ्यात ओला जड दोर शिडाचा कोपराच खाली ओढतो.

झोताने होडी फार कलली, तर सोडायची ती शीट. गडबडीत गाय सोडली, तर पोल फोरस्टेवर जातो, शीड वाऱ्याआड सरकून जास्त फुगते आणि होडी आणखी कलते. जाइबच्या आधी दोन्ही ट्विंग ओढून घ्यावीत, आणि पोल नव्या बाजूला अडकवल्याबरोबर, नुकतीच शीट झालेल्या दोरावरचे ट्विंग सोडून द्यावे.