श्वास कोंडलेल्या समुद्राची देणगी : व्हिटबीचे काळे जेट

समाजमाध्यमांवर हल्ली काळ्या, चकचकीत मण्यांच्या माळांच्या जाहिराती वरचेवर दिसतात. ‘ब्लॅक जेट’ नावाचा हा दगड घरातील नकारात्मक ऊर्जा शोषून घेतो, दृष्ट लागू देत नाही आणि मन शांत ठेवतो, असे त्यांत सांगितलेले असते. वाईट याचे वाटते, की जेटची खरी हकिकत या दाव्यांपेक्षा कितीतरी विलक्षण असूनही जाहिरातींत तिचा मागमूस नसतो. मुळात जेट हा दगडच नव्हे. ते सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे लाकूड आहे, आणि उत्तम प्रतीच्या जेटसाठी जगभर नावाजलेले गाव म्हणजे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिटबी.

यॉर्कशरमध्ये एस्क नदी जिथे उत्तर समुद्राला मिळते, तिथे दोन कड्यांच्या मधोमध हे गाव वसले आहे. पूर्वेच्या कड्यावर १९९ पायऱ्या चढून गेले, की सेंट मेरीचे चर्च आणि त्यामागे जुन्या मठाचे भग्नावशेष दिसतात. इथला मूळ मठ हिल्ड नावाच्या साध्वीने इ. स. ६५७ मध्ये स्थापन केला. उत्तर इंग्लंडमधील तेव्हाच्या नॉर्थम्ब्रिया राज्यात ईस्टरची तिथी रोमच्या पद्धतीने ठरवायची, हा निर्णय ६६४ मध्ये इथल्याच धर्मसभेत झाला. पश्चिमेच्या कड्यावर देवमाशाच्या हाडांची कमान आणि प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुकचा पुतळा आहे. कुक याच गावी जहाजावरचे काम शिकला आणि त्याचे ‘एन्डेव्हर’ हे जहाजही इथेच, कोळसा वाहण्यासाठी, १७६४ मध्ये बांधले गेले होते. पर्यटक हे सारे पाहतात, बंदरावर तळलेले मासे आणि बटाट्याच्या फोडी खातात आणि परततात. या गावाच्या वैभवाचा मोठा भाग ज्यातून आला, तो खडक मात्र कड्यांच्या पायथ्याशी, भरतीच्या रेषेलगत, दुर्लक्षित राहतो.

हा खडक म्हणजे शेल, अर्थात समुद्रतळावरचा गाळ दबून तयार झालेला, पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटणारा करडा-काळा थर. तो ज्युरासिक काळाच्या पूर्वार्धात साचला. त्या सुमारास दक्षिण गोलार्धात, आजच्या दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिकाच्या भागात, प्रचंड प्रमाणावर लाव्हा बाहेर पडत होता. सह्याद्रीचा बसाल्ट ज्या प्रकारच्या उद्रेकांतून घडला, त्याच प्रकारचे हे उद्रेक. फक्त दख्खनच्या उद्रेकांपेक्षा सुमारे साडेअकरा कोटी वर्षे आधीचे. त्यांच्याबरोबर वातावरणात अफाट कार्बन मिसळला, पृथ्वी तापली आणि समुद्रही तापले. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. शिवाय पावसाबरोबर जमिनीवरून वाहून आलेल्या पोषकद्रव्यांमुळे समुद्राच्या पृष्ठभागी शेवाळवर्गीय सूक्ष्मजीव बेसुमार वाढले, मरून तळाशी गेले आणि त्यांच्या कुजण्यात उरलासुरला ऑक्सिजनही संपला. आज जिथे युरोप आहे तिथल्या उथळ समुद्रांचे तळ अशा प्रकारे वारंवार गुदमरले. त्याच काळातला असाच खडक जर्मनीतही सापडतो. अशा तळावर गाळ उकरणारे किडे जगत नाहीत. म्हणूनच या शेलमधले कागदासारखे पातळ थर जसेच्या तसे टिकले आहेत.

आता या समुद्रात एक ओंडका येऊन पडला आहे अशी कल्पना करू. लगतच्या जमिनीवर अरौकेरिया कुळातल्या सूचिपर्णी वृक्षांची वने होती. आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून लावले जाणारे, मजल्यामजल्यांनी फांद्या फुटणारे झाड याच कुळातले. अशी झाडे नद्यांबरोबर समुद्रात वाहत आली, तरंगत राहिली, पाणी पिऊन जड झाली आणि तळाच्या मऊ चिखलात रुतली. ऑक्सिजन असता तर बुरशीने आणि लाकूड पोखरणाऱ्या जीवांनी त्यांचा भुगा केला असता. इथे त्यांना तसे करता आले नाही. लाकडातला सेल्युलोज हळूहळू विघटित झाला. पेशीभित्तिकांना ताठरपणा देणारे लिग्निन मात्र टिकले, फुगले आणि एकजीव खळीसारखे झाले. वर गाळ साचत गेला तसे गोल खोड दबून फळीसारखे सपाट झाले. चांगल्या जेटचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर चेपलेल्या पेशी आणि वार्षिक वलयांच्या खुणा अजूनही ओळखू येतात.

एवढ्यावरच थांबले असते, तर त्याचा साधा कोळसा झाला असता. चंद्रपूर-वर्धा पट्ट्यातला आपला कोळसाही वनस्पतींपासूनच झाला आहे. पण तो दलदलीत साचलेल्या वनस्पतींचा आहे आणि हातात घेतला की तुकडे पडतात. जेटला वेगळे करणारी गोष्ट म्हणजे त्याच्या भोवतीचा चिखल. त्या चिखलात मेलेल्या शेवाळाचे स्निग्ध अंश ठासून भरले होते. गाळाखाली गाडले जाऊन तापल्यावर त्यांतून खनिज तेलासारखी हायड्रोकार्बने सुटू लागली आणि लोणच्यात फोड मुरावी तसे ते लाकूड या तेलकट द्रव्यांत मुरले. त्यामुळे कार्बनच्या तुलनेत हायड्रोजनचे प्रमाण सामान्य कोळशापेक्षा जेटमध्ये बरेच अधिक आढळते. याचा एक परिणाम भूवैज्ञानिकांना चकवणारा आहे. खडक किती तापला होता हे ठरवण्यासाठी त्यातील व्हिट्रिनाइट, म्हणजे लाकडापासून बनलेला कोळशाचा घटक, किती प्रकाश परावर्तित करतो ते मोजतात; जितके तापमान अधिक, तितके परावर्तन अधिक. हायड्रोजनने समृद्ध अशा जेटमध्ये हे परावर्तन दबलेले असते. तेलाचा शोध घेणाऱ्याने केवळ जेटवरून निष्कर्ष काढला, तर खडक प्रत्यक्षात तापला त्यापेक्षा कमी तापला होता, असे त्याला वाटेल.

कारागिराला मात्र याच गुणाने हात दिला. जेट चिवट आहे, सुरीने कोरता येते, कानशीने घासता येते आणि त्याचा पोत इतका एकसंध असतो की घासूनपुसून त्याला आरशासारखी झिलई येते. त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट आहे, त्यामुळे मोठा दागिनाही अंगावर जड होत नाही. ब्रिटनमधील कांस्ययुगीन दफनांत जेटचे हार सापडले आहेत आणि रोमन काळात यॉर्कमध्ये जेटचे काम चाले. डिसेंबर १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट याचे निधन झाले, राणीने दीर्घ सुतक पाळले आणि शोककाळात जेटचे दागिने घालण्याची चाल समाजभर पसरली. पुढील दशकात व्हिटबीत सुमारे दीड हजार माणसे या धंद्यात होती.

याच गुदमरलेल्या समुद्राने गावाला आणखी एक धंदा दिला होता. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात काही जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. लोहाशी संयोग होऊन त्याचे पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज, बनते. जेटच्या थराच्या वरच्या शेलमध्ये हे पायराइट विखुरलेले आहे. सतराव्या शतकाच्या आरंभापासून १८७१ पर्यंत या किनाऱ्यावर तो शेल खणून त्याचे ढीग कित्येक महिने भाजत. पायराइटपासून सल्फ्युरिक आम्ल तयार होई, ते मातीतील ॲल्युमिनियमशी संयोग पावे आणि पुढे समुद्री शेवाळाची राख किंवा शहरांतून जहाजांनी आणवलेले मानवी मूत्र मिसळून तुरटीचे स्फटिक मिळवत. कापडावर रंग पक्का बसवण्यासाठी तुरटीला मोठी मागणी होती. हा सगळा माल समुद्रमार्गे ये-जा करी, आणि व्हिटबीच्या जहाजबांधणीला जोर मिळण्यात तुरटी आणि कोळसा यांच्या वाहतुकीचा मोठा वाटा होता.

या कड्यांत अमोनाइटचे, म्हणजे वेटोळ्या शंखाच्या नामशेष समुद्री जीवांचे, जीवाश्मही विपुल आहेत. हिल्डने सापांची डोकी छाटून त्यांचे दगड केले, अशी इथली दंतकथा. एकेकाळी विक्रेते या वेटोळ्यांवर सापाचे डोके कोरून पर्यटकांना विकत, म्हणजे पुरावा नसला की तो घडवत. गावाच्या बोधचिन्हात ही तीन वेटोळी आहेत आणि अमोनाइटच्या एका प्रजातीला शास्त्रज्ञांनी हिल्डोसेरास हे नाव दिले आहे. नेपाळातील काली गंडकीतून येणारे, आपल्याकडे तुळशीच्या लग्नात मांडले जाणारे चक्रांकित शाळिग्राम हेही ज्युरासिक काळातल्या अमोनाइटांचेच अवशेष होत. शाळिग्रामाची पूजा हा श्रद्धेचा विषय आहे आणि तिच्याशी माझे भांडण नाही. काळ्या मण्यांनी आजार बरे होतात असे सांगून पैसे उकळणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिला विरोध केलाच पाहिजे.

‘ऊर्जा शोषण्या’च्या दाव्याला आधार म्हणून एक प्रयोग दाखवला जातो : जेट लोकरीवर घासले की कागदाचे कपटे ओढून घेते. हे खरे आहे आणि प्लिनीसारख्या रोमन लेखकाच्या काळापासून लोकांनी जेटला अद्‌भुत गुण चिकटवले आहेत. पण घासताना इलेक्ट्रॉन एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर जातात आणि जेट विद्युत्‌रोधक असल्याने तो भार तिथेच अडकून राहतो, एवढाच त्याचा अर्थ. प्लॅस्टिकचा कंगवाही हेच करतो.

याच कारणाने ही चाचणी अस्सल जेट ओळखायला अपुरी आहे, कारण एकोणिसाव्या शतकात जेटच्या नावाने खपलेले व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, तेही कपटे ओढते. काळी काच हाताला जड आणि गार लागते, त्यामुळे ती चटकन कळते. व्हल्कनाइट उजेडात वर्षानुवर्षे राहिले की तपकिरी पडते, जेट काळेच राहते. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासल्यास जेटची रेघ तपकिरी उमटते, दगडी कोळशाची मात्र काळी. तापलेली सुई टोचल्यास जेटला कोळशाचा आणि व्हल्कनाइटला गंधकाचा वास येतो. मात्र त्याने दागिन्यावर कायमचा डाग पडतो, म्हणून आजीच्या पेटीतल्या जुन्या माळेवर हा उपाय करू नये. तिथे रेघेची चाचणीही मण्याच्या छिद्राजवळ, दिसणार नाही अशा जागी आणि हलक्या हातानेच घ्यावी.