गाभडलेली गाय आणि पेशीत दडलेला ब्रुसेला

खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली आणि पाठोपाठ वारही अडकली, तर जाणत्याला पहिली शंका सांसर्गिक गर्भपाताची येते. त्यामागच्या ब्रुसेला जिवाणूचा माग मात्र गोठ्यात नव्हे, माल्टा बेटावर लागला. तापाने दगावलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत तो डेव्हिड ब्रूस यांना सापडला आणि १८८७ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये डेन्मार्कमधल्या गाईंच्या गर्भपाताचा जिवाणू शोधला. हे दोन्ही जिवाणू सख्खे नातलग आहेत, हे ॲलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले.

भक्षकपेशी जंतू गिळतात, हे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव यांनी त्याआधीच दाखवले होते. त्यामुळे गिळलेला जंतू मेलाच, असे धरले जाई. १९१९ मध्ये थिओबाल्ड स्मिथ यांना वारेच्या पेशी या जिवाणूंनी खच्चून भरलेल्या दिसल्या, तेव्हा पेशीचे पोट हे त्याचे घरही असू शकते, हे ध्यानात येऊ लागले.

त्याची युक्ती पुढे हळूहळू उलगडली. त्याचे बाह्य आवरण असे की शरीराच्या पहारेकरी यंत्रणेला ते फारसे खटकतच नाही. भक्षकपेशीने गिळल्यावर बहुतेक जिवाणू मरतात, पण उरलेल्यांना तिथल्या आम्लतेतूनच इशारा मिळतो. ते सुईसारख्या यंत्रणेतून आपली प्रथिने पेशीत सोडतात, पाचक रसांच्या पिशवीपासून सुटतात आणि पेशीच्याच अंतर्द्रव्य जालिकेचे (पेशीतल्या पातळ पडद्यांच्या जाळ्याचे) पटल पांघरून तिथे वाढत राहतात. मारण्यासाठी ओतलेले आम्लच त्याला जागे करते, हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो.

पेशीत शिरलेल्या जिवाणूपर्यंत प्रतिपिंडे पोहोचत नाहीत, त्यामुळे भिस्त पेशीय प्रतिकारशक्तीवर, म्हणजे बाधित पेशींशी झुंजणाऱ्या संरक्षक पेशींवर, आणि ती जागवणाऱ्या जिवंत, सौम्य लसीवर राहिली. जॉन बक यांना १९२३ मध्ये गाईच्या दुधात मिळालेला आणि प्रयोगशाळेत पडून राहून सौम्य झालेला ‘एस-१९’ वाण आजही वापरात आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना हीच लस टोचतात. हा रोग जडलेल्या माणसाला मात्र सहा आठवडे दोन प्रतिजैविके घ्यावी लागतात. बेळगावची कुंदा ही मिठाई आटवलेल्या दुधाची, म्हणून तिचे भय नाही. धोका आहे तो कच्च्या दुधात आणि उघड्या हातांनी वार काढण्यात.