टेस्टोस्टेरॉन बनतं कोलेस्टेरॉलपासूनच, हे कळलं कसं?

पन्नाशी उलटली की पुरुषांच्या रिपोर्टमधले दोन आकडे झोप उडवतात, कोलेस्टेरॉल चढलेलं आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी हार्मोन, उतरलेलं. आणि मग बरेच जण घाबरतात की कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली तर उरलंसुरलं टेस्टोस्टेरॉनही जाईल. भीती अगदीच हवेतली नाहीये, कारण टेस्टोस्टेरॉन खरंच कोलेस्टेरॉलपासून बनतं. पण ही दोन नावं एकत्र यायला खूप वर्षं गेली.

कोलेस्टेरॉल आधी सापडलं, १८व्या शतकात, तेही पित्ताच्या खड्यांत. टेस्टोस्टेरॉनची सुरुवात मात्र कोंबड्यांपासून झाली. १८४९ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगनच्या बर्थोल्ड या शास्त्रज्ञाने प्रयोग छापला, कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले तर तुरा फिका नि छोटाच राहिला, आरवणं नाही, भांडणं नाही, पण काहींच्या पोटात वृषण परत बसवलं तर ते तुरेवाले रुबाबदार कोंबडे झाले. नंतर पोट उघडून बघितलं तर त्या वृषणाला नवीन रक्तवाहिन्या फुटलेल्या, जुने मज्जातंतू जोडलेले नाहीतच, म्हणजे जे काही जात होतं ते रक्तातून जात होतं! मला हा प्रयोग फार आवडतो, इतक्या साध्या गोष्टीतून केवढं कळलं.

१८८९ मध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणाचा पाण्यातला अर्क स्वतःला टोचून तरुण झाल्यासारखं वाटतं असं पॅरिसमध्ये सांगितलं. त्यात हार्मोन जवळपास नव्हतंच, कारण ते पाण्यात नीट विरघळतच नाही, पण म्हातारपणावर इंजेक्शन हा विचार तेव्हापासून जो रुजला तो आजही आहे.

१९३५ मध्ये ॲमस्टरडॅमला लाकूर यांच्या टीमने बैलांच्या जवळजवळ १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम शुद्ध टेस्टोस्टेरॉन काढलं. त्याच वर्षी बुटेनान्ट आणि रुझिच्का यांनी ते लॅबमध्ये चक्क कोलेस्टेरॉलपासून बनवलं, १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं.

इकडे कोलेस्टेरॉलची बदनामी सुरू झाली होती. १९१३ मध्ये रशियात अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर दाखवले, मग १९४८ पासून अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून हृदयविकाराशी नातं पक्कं होत गेलं, आणि १९८७ मध्ये पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, बाजारात आलं. भीतीचं मूळ इथे आहे. पण वृषण स्वतःपुरतं कोलेस्टेरॉल स्वतःही बनवतात, टेस्टोस्टेरॉन कमी पडलं तर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी जोर लावते, त्यामुळे स्टॅटिनने टेस्टोस्टेरॉनमध्ये पडणारा फरक साधारणपणे किरकोळच असतो, आणि त्यासाठी हृदयाची गोळी मनानेच बंद करणं मला खरंच काळजीचं वाटतं.

वयानुसार टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण १ टक्का उतरतं, पण पोट सुटलं की जास्त उतरतं कारण चरबी त्याचं इस्ट्रोजेन हे स्त्री हार्मोन करते, आणि तेच पोट ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढवतं, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी करतं. म्हणून दोन्ही आकडे एकदम बिघडलेले दिसतात. वजन उतरलं की बऱ्याचदा दोन्ही सुधारतात. उलट जिममध्ये मनाने टेस्टोस्टेरॉनची मोठ्या डोसची इंजेक्शनं घेणाऱ्यांचं एचडीएल धाडकन पडतं.

डॉक्टरांच्या देखरेखीतल्या उपचाराचं काय, तर २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स ही ५,२०० च्या आसपास पुरुषांवरची ट्रायल आली, टेस्टोस्टेरॉन कमी आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले पुरुष, त्यात हार्ट अटॅक-स्ट्रोक वाढले नाहीत पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुफ्फुसात रक्ताची गाठ अडकणं टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत जास्त दिसलं.