समुद्र तापला की पाऊस कुठे जातो?

पुढच्या पंधरवड्यातल्या पावसाची हमी हवामानशास्त्र देत नाही, मग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांबद्दल ते एप्रिलमध्येच कसं बोलतं? त्याचं कारण समुद्र. त्याच्या वरच्या जेमतेम तीन मीटर पाण्यात, वरचं अख्खं वातावरण साठवेल तेवढी उष्णता मावते. हवेची स्थिती दोन आठवड्यांत पार बदलते; तापलेला समुद्र मात्र महिनोन्‌महिने तापलेलाच राहतो.

एरवी पूर्वेकडून येणारे वारे पॅसिफिकचं उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटून ठेवतात. तिथे हवा वर चढते, ढग जमतात. वारे मंदावले की ते पाणी पेरूच्या दिशेने पसरतं आणि हवा चढण्याची जागाही पूर्वेला सरकते. हाच एल निनो. अशा वर्षी भारतावर हवा खाली उतरू लागते, उतरताना तापते, कोरडी होते आणि ढगांना वाढू देत नाही.

इथवर सगळं सोपं वाटतं. पण १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी एक होता, तरी भारतात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २००२ चा त्यामानाने मवाळ. तेव्हा पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला, एकट्या जुलैत तर निम्म्यावर आला. हवामानशास्त्रज्ञ के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याचा उलगडा मांडला: पाणी किती तापलं याइतकंच ते कुठे तापलं हेही पाहायला हवं. मध्य पॅसिफिक तापला तर उतरत्या हवेचा भार नेमका भारतावर येतो. तापलेला पट्टा पेरूच्या किनाऱ्यालगत असेल तर आपण बरेचदा बचावतो.

शिवाय १९९७ मध्ये आपला शेजारी मदतीला होता. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेच्या तुलनेत नेहमीपेक्षा उबदार असेल तर आपल्या पावसाला सहसा हातभार लागतो. या चढउताराला ‘डायपोल’ म्हणतात, आणि त्याची स्वतंत्र ओळख पटली ती थेट १९९९ मध्ये.

अडचण वेळेची आहे. मार्च ते मे या काळात पॅसिफिक कूस बदलत असतो, आणि नेमका तेव्हाच त्याचा पुढचा अंदाज सर्वांत कच्चा असतो. म्हणून एप्रिलचा अंदाज भारतीय हवामान विभाग मेअखेरीस सुधारून देतो.

तोही आकडा पूर्ण हंगामाचा, पूर्ण देशाचा. २०२३ मध्ये एल निनो असूनही एकूण पाऊस ९४ टक्के झाला. महिन्यांप्रमाणे पाहिलं तर जुलै ११३, ऑगस्ट ६४ आणि सप्टेंबर पुन्हा ११३.